नवसाचा दुधी

दत्ताराम भोईरचं म्हावरं बंद झालं, आणि ते त्याला जेवायला बसल्यावर कळलं. एवढा मोठा निर्णय घरात झाला, गावदेवीच्या कानावर गेला, देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या बाईलाही कळला, पण ज्याच्या जिभेचा प्रश्न होता तो बिचारा सकाळपासून दुधीच्या मांडवाखाली मान वर करून उभा होता. त्याला विचारायला कोणी गेलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. भात झोडून कणगीत पडलं होतं आणि नदीकडच्या तुकड्यात दुधी, भेंडी, लाल माठ असा हिवाळी भाजीपाला धरला होता. चेणे गावात आता शेती करणारी घरं थोडी. कोणी ढाब्याला जागा दिली, कोणी लग्नाच्या लॉनला, कोणी गोडाऊन बांधून भाडं खात बसलं. दत्तारामला बसून खाणं जमत नव्हतं. साठी उलटली तरी तो पहाटे मांडवाखाली जायचा, दुधी देठासकट कापायचा, ओल्या फडक्याने पुसून गोणीत भरायचा आणि टेम्पोत चढवायचा. मीरा रोडच्या बाजारात त्याच्या दुधीला नाव होतं. त्याने स्वतः मात्र तो कधी चाखला नव्हता. त्याच्या मते दुधी ही विकायची वस्तू होती. खायची वस्तू म्हणजे म्हावरं. मग ती खाडीतली बोय असो, ओला बोंबील असो, नाहीतर तव्यावर नुसता भाजलेला सुका जवळा.

त्या दुपारी तो हातपाय धुऊन, ओला पंचा खांद्यावर टाकून पाटावर बसला. ताटात भात होता, वरण होतं, दुधीची भाजी होती. दत्ताराम दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढच्या वाढण्याची वाट बघू लागला. मनोरमा, त्याची बायको, गॅसपाशी पाठ करून उगाचच तवा पुसत होती.

"कालवन कवा येतंय?" त्याने विचारलं.

"येत नाय."

"मंग एखादा बोंबील भाज."

"बोंबील पन नाय. जेवा."

दत्तारामने नाक वर करून घरभर वास घेतला. खरंच कुठून काही येत नव्हतं.

"नवस बोललंय देवीला," मनोरमा तव्याशीच बोलल्यासारखं बोलली. "निहार नीट जेवाला लागंल तवर घरातला मानूस म्हावऱ्याला हात लावनार नाय."

"कनचा मानूस?"

मनोरमाने हातातलं उलथनं त्याच्याकडे केलं.

"आगं, नवस तू बोललीस तर तू सोर."

"मना काय, मी खाल्लं तरी तेवरंच, नाय खाल्लं तरी तेवरंच. देवी का आंधली हाय? जे सोरताना जीव जातंय तेच द्याला लागतंय."

दत्तारामने गुडघ्यांवरचे हात काढले. जितकं भांडावं तितका आपला जीव म्हावऱ्यात किती अडकलाय हेच सिद्ध होणार, आणि नवस तितकाच वजनदार ठरणार. श्रावण, गणपती, नवरात्र असे सगळे डोंगर ओलांडून माणूस नुकता मोकळा झाला होता. त्याने वरणभात कालवला आणि मुकाट्याने गिळला.

झालं होतं असं. त्याची सून दिव्या मीरा रोडच्या एका लॅबमध्ये कामाला होती. माहेरही तिथलंच, चौथ्या मजल्यावरचं. आदल्या दिवशी तिने आपल्या मुलाला, निहारला, मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. निहारला दोन वर्षं पुरी होत आली होती आणि अंग मात्र भेंडीसारखं सडपातळ. बाईंनी वजन केलं, डोळे बघितले आणि मग मुलाला सोडून आईलाच तपासायला घेतलं. काय खातो, कुठे खातो, कोण भरवतं. शेवटी त्यांनी सांगितलं, मुलाला जागेवर बसवा, त्याच्या हातानं खाऊ द्या, मोबाईल दाखवू नका, वाटी घेऊन मागे धावू नका, जबरदस्ती करू नका, मधल्या वेळची बिस्किटं बंद करा, आणि घरात जे शिजतं ते भाजीसकट समोर ठेवा.

दिव्याने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा प्रत्येकाला वाटलं की बाईंनी आपलंच नाव घेतलं. दत्तारामचा मुलगा निकेत एसी दुरुस्तीची कामं करायचा. तो घरी असला की निहारच्या पुढ्यात कार्टून लावून द्यायचा आणि निहारचं तोंड उघडं पडलं की आत घास ढकलायचा. मनोरमाची रीत वेगळी. ती वाटी घेऊन अंगणभर, विहिरीच्या कठड्यापर्यंत आणि शेजारच्या विठूच्या टेम्पोतही पोराच्या मागे फिरायची. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत निघालेली वाटी शेवटी कुत्र्याची व्हायची. दत्तारामचं स्वतःबद्दल मत बरं होतं. तो कोणाच्या मागे धावत नव्हता. जेवताना निहार मांडीवर येऊन बसायचा आणि कालवणात बोट बुडवून चाटायचा, एवढंच.

मनोरमाने रात्रभर विचार केला आणि सकाळी देवळात जाऊन डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या अटी देवीपुढे एका दमात म्हटल्या. पोर जागेवर बसून, आपल्या हातानं, मोबाईल न बघता, भाजीसकट ताट साफ करील त्या दिवशी नवस फिटणार. म्हणजे दत्तारामचं म्हावरं आता अशा एका बाईच्या हातात होतं जिचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस मोठे वाईट गेले. मांडवाखाली हात वर करून काम करायचं, मान आखडते, खांदे भरून येतात, आणि दुपारच्या ताटाकडे बघून ते सगळं विसरायची त्याला सवय होती. आता पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. तो उठताना ढेकर द्यायचा आणि ती ढेकरही त्याला परक्या माणसाची वाटायची. विठू खाडीवरून येताना नेमका त्याच्या बांधावर सायकल हळू करायचा.

"दादा, चिंबोऱ्या गावल्यात. हे बघ केवर्‍या," पिशवी उघडून तो दाखवायचा. मग जीभ चावायचा. "तुना चालत नाय नाय का. इसरलो."

तो रोज विसरायचा.

त्यातच विठूच्या पुतणीची हळद आली. हळदीला जाऊन दत्ताराम वरणभात खातोय, हे चेण्याने कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या पंगतीत म्हावऱ्याचं कालवण फिरत होतं, तळलेल्या तुकड्यांची परात फिरत होती. वाढणारी बाई त्याच्यापाशी आली की मागच्या बाईला मोठ्यांदा सांगायची, "यांना नको वारू, यांचं बंद हाय." पलीकडे बसलेले एक म्हातारे बहिरे होते. त्यांनी वाकून विचारलं, "मूळव्याध का?"

"नातू जेवत नाय," दत्ताराम म्हणाला.

"अं?"

"नातू जेवत नाय म्हनून."

म्हाताऱ्यांनी बराच वेळ विचार केला. "गरम पान्यात बसत जा," त्यांनी सांगितलं.

एवढं करून निहार जेवत असता तरी चाललं असतं. पण घरातलं कालवण बंद झालं तसं त्याचं बोट चाटणंही बंद झालं. पूर्वी जेवढं पोटात जायचं तेवढंही जाईना. दिव्याने खणाखणांचं हत्तीचं ताट आणलं. एका खणात भात, एकात वरण, एकात भाजी. निहारने त्यातलं फक्त वरण ओरपलं आणि हत्तीच्या डोळ्याला भात लावला. कोणी ओरडायचं नाही, कोणी धावायचं नाही, असा नियम असल्याने सगळे हाताची घडी घालून बघत बसले. मनोरमाच्या पायांना तर न धावण्याने पेटके येऊ लागले.

एका रविवारी लाल माठ केला होता. जेवणं झाली, निहार झोपला, तेव्हा दिव्या मोबाईल घेऊन दत्तारामपाशी आली.

"बाबा, रागावणार नसाल तर एक दाखवू?"

"मी काय केलं?"

"बघा ना आधी."

मोबाईलमध्ये त्यांचंच जेवण चाललं होतं. चित्रात एक म्हातारा पाटावर बसला होता, त्याच्यापुढे माठाची वाटी आली. म्हाताऱ्याने वाटीकडे पाहिलं, डावा हात उलटा केला, मागच्या बाजूने वाटी ढकलली, खालचा ओठ बाहेर काढला आणि नाकातून म्हणाला, "हूं." मग दिव्याने मोबाईल फिरवलेला होता. हत्तीच्या ताटापुढे निहार बसला होता. त्याने माठाकडे पाहिलं, डावा हात उलटा केला, खण ढकलता येईना म्हणून अख्खं ताट ढकललं, ओठ बाहेर काढला. "हूं."

दत्तारामला आधी हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं की हसण्यासारखं त्यात आपणच आहोत.

"त्याला अजून नीट बोलता येत नाही, पण तुमच्यासारखं नाक मुरडता येतं," दिव्या हळूच म्हणाली. "हात मागे बांधून चालतो, बघितलंत ना? तुम्ही पंप चालू करताना खोकता, तर तो मिक्सर लागला की खोकतो. त्याला आम्ही कोणी दिसतच नाही, बाबा. तो तुम्हाला बघत असतो."

हे ऐकून दत्तारामला एकाच वेळी फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं. त्याने पंच्याने तोंड पुसलं.

"मंग मी काय करू?"

"भाजी खा."

"म्हंजे त्याला सोरून आता मना शिकवताव तुमी."

"दोघांना एकदमच शिकवतोय," दिव्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दत्तारामचं शिक्षण सुरू झालं. दुधी पानात पडला. मनोरमा दारात, निकेत खुर्चीत, दिव्या निहारच्या मागे, असे सगळे जागा धरून बसले. दत्तारामने एक फोड उचलली, डोळे मिटले, तोंडात टाकली आणि तशीच गिळून टाकली. "वा," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं. "वा, वा. काय दुधी हाय."

निहारने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्या ताटातली एक फोड दोन बोटांनी उचलली, सरपटत आला आणि ती आबाच्या ताटात ठेवली. ज्याला एवढं आवडतं त्याला आपलंही द्यावं, अशी त्याची समजूत झाली असावी. मनाने उदार होता. दुसरी फोड आणली, तिसरी आणली, हत्ती रिकामा करून टाकला.

"भाजीला हात तर लावला," दिव्या खूश होऊन म्हणाली. "ही प्रगती आहे."

तिची ती प्रगती रोज दत्तारामच्या पोटात जमा होऊ लागली. स्वतःच्या वाटणीचा दुधी आणि वर नातवाचाही. जो पदार्थ साठ वर्षं टाळला तो आता दुप्पट खायचा आणि प्रत्येक घासाला वा म्हणायचं. रात्री अंथरुणावर तो मनोरमाला म्हणाला, "देवीला इचार, ह्यो माझा नवस हाय का त्याचा." मनोरमा झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली.

अशात एके दिवशी मनोरमाला माहेरच्या लग्नाचे पापड लाटायला जायचं होतं. दिव्या आणि निकेत कामावर. निहार दत्तारामकडे राहिला. दिव्याने चुरमुरे आणि केळं घालून छोटा डबा दिला होता. दत्तारामने तो मांडवाच्या खांबाला टांगला, दुधी उतरवले, आणि त्याच्या डोक्यात एक विचार आला. विचार तसा बरेच दिवस येत होता, आज त्याने त्याला बसायला पाट दिला. पेणकरपाड्याला त्याची धाकटी बहीण पुष्पलता राहत होती. तिच्या हातच्या बोयीच्या कालवणाला तोड नव्हती. दोन दुधी पिशवीत घातले, पोराला कडेवर घेतलं आणि तो हमरस्त्याला येऊन रिक्षात बसला.

रिक्षात त्याने मनाशी कायद्याचा मुद्दा तपासून पाहिला. नवस कोणाला बोलला, तर चेण्याच्या गावदेवीला. तिची हद्द कुठवर, तर चेण्याच्या वेशीपर्यंत. पेणकरपाड्याची देवी वेगळी, तिला या प्रकरणाची काही कल्पना नाही. मुद्दा सगळ्या बाजूंनी घट्ट होता. तो स्वतःवर खूश झाला.

पण घोडबंदर रोडवर गाड्या जागच्या हलेनात. पुढे ट्रेलर, मागे टँकर, मधे यांची रिक्षा. निहार आधी गाड्या बघत होता, मग चुळबूळ करू लागला, मग "खाऊ" म्हणाला. दत्तारामने पिशवी चाचपली. डबा मांडवाच्या खांबालाच राहिला होता.

"भैया, थोडा जल्दी लो. बच्चा भूखा है," तो रिक्षावाल्याला म्हणाला.

"मैं भी भूखा हूँ, चाचा," रिक्षावाला म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

पेणकरपाड्याला पोचेपर्यंत जेवणवेळ कधीच टळून गेली होती. दत्ताराम पहाटे चहावर घराबाहेर पडलेला, त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि मधे पुष्पलताचं कौलारू घर अंग चोरून बसलं होतं. पण दारातच कालवणाचा वास आला आणि दत्तारामने चपला अंगणातच भिरकावल्या.

पुष्पलताने नवसाचं ऐकलं होतं. "इथं कोन बघतंय तुना," ती म्हणाली आणि ताट वाढलं. बोयीचं लालभडक कालवण, वर दोन तळलेल्या तुकड्या, कडा कुरकुरीत झालेल्या. दत्तारामने हात धुतले. निहारला समोर पाटावर बसवलं. तुकडीकडे हात नेला आणि वर पाहिलं.

निहार त्याच्याकडे बघत होता. ताटाकडे नाही, कालवणाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे. आबा आता काय करतो.

देवीची हद्द वेशीपर्यंत असेल, पण हे पोर हाताच्या अंतरावर बसलं होतं. आज आपण हे खाणार, पोरही खाणार, आणि घरी जाऊन दोघं गप्प बसणार. नाक मुरडायला शिकलं तसं हेही ते आपल्याकडूनच शिकणार. दत्तारामला एकदम लाज वाटली. एवढ्याशा पोराची कधी लाज वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने डोळे कालवणावरून ओढून काढले, डावा हात उलटा केला, ताट मागच्या बाजूने ढकललं आणि आपोआप नाकातून निघालं, "हूं."

पुष्पलताने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाय," तो म्हणाला. "दुधी आनलाय ना, त्यो शिजव."

तिने दुधी चिरला, लसणाची फोडणी दिली, थोडी मूगडाळ टाकली, वरून खोबरं. तो शिजेपर्यंत आजोबा आणि नातू भिंतीला टेकून झाकणाखालून येणाऱ्या वाफेकडे बघत बसले. दोघांनी एकदा बरोबरच आवंढा गिळला. भात आणि दुधी पानात पडला तेव्हा दत्तारामला वा म्हणायचं सुचलं नाही, डोळे मिटायचं सुचलं नाही, समोर कोणी आहे हेही आठवलं नाही. भूक लागलेला माणूस जेवतो तसा तो जेवला. बोटांनी कालवलं, मोठे घास घेतले, ताटाचा कोपरा पुसला.

"ह्या बाबाला अजून वारू का?" पुष्पलताने विचारलं, तेव्हा त्याने मान वर केली.

निहारचं ताट रिकामं होतं. कोपर, हनुवटी, भुवई, सगळीकडे दुधी लागलेला होता, पण बराचसा आतही गेला होता. तो ताटाचा कोपरा बोटाने पुसत होता.

संध्याकाळी दत्ताराम घरात शिरला तो ओरडतच. जागेवर बसून, आपल्या हातानं, भाजीसकट, मोबाईल तर नाहीच. नवस फिटला. मनोरमा पापडाचं पीठ हाताला लागलेलं तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोनी बघितलं?"

"पुष्पलतानं."

"तुमची बहीन. ती काय तुमच्या जिभेच्या आड येनार हाय?"

"आगं, बोय तललेली होती समोर, तिला पन हात नाय लावला मी."

हे मात्र त्याने सांगायला नको होतं. एवढा वेळ अर्धामुर्धा विश्वास ठेवून बसलेला निकेतही या वाक्यावर हसला. दिव्याने तोंड फिरवलं.

"बरं, धरलं खरं," मनोरमा म्हणाली. "पन नवस बोललाय चेण्याच्या देवीला. पेणकरपाड्याला खाल्लेलं तिला कसं दिसंल?"

दत्तारामने पंचा खांद्यावरून काढून खुंटीला टांगला. हा मुद्दा किती घट्ट आहे हे त्याला रिक्षातच पटलेलं होतं.

पण त्या दिवशी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती आणि ती त्याने रात्री दिव्याला सांगितली. पोर त्याच्या वा म्हणण्याला फसत नव्हतं. भुकेल्या माणसाचं जेवण बघून त्याला भूक लागली होती. दिव्याने ते ऐकून मान डोलावली आणि म्हणाली, "मग बाबा, या वेळी तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दत्तारामने निहारला सकाळीच शेतावर नेलं. डबा घेतला नाही. घरून नाश्ता करून निघालेलं पोर, मधे फक्त पाणी. त्याने पोराला एक लहानसा दुधी उचलायला दिला. निहारने तो पोटाशी धरून मांडवापासून गोणीपर्यंत नेला, गोणीपासून परत मांडवापर्यंत नेला, आणि हे काम ऊन चढेपर्यंत केलं. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले. शेवटी तो दुधी खाली ठेवून त्यावर बसला आणि म्हणाला, "भू."

"मना पन," दत्ताराम म्हणाला.

घरी आल्यावर त्याने सगळ्यांना दम दिला. "कोनी त्याच्या तोंडाकडं बघाचं नाय. कोनी वा बोलाचं नाय. आपापल्या ताटात बघाचं आनी जेवाचं."

सगळे एका रांगेत बसले. असं जेवण त्या घरात कधी झालं नसेल. कोणी मान वर करेना. निकेतचा फोन खिशात वाजून वाजून बंद पडला, त्याने काढला नाही. मनोरमाने मान खाली ठेवली होती, पण डोळे कोपऱ्यात जाऊन जाऊन दुखायला लागले होते. दत्ताराम तेवढा खरंच जेवत होता. त्याला नवसाची आठवण नव्हती. दुधीचं पाणी भातात मुरलं होतं आणि त्यात लसूण लागत होती.

मग ताट जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

सगळ्यांनी एकदम पाहिलं. हत्ती रिकामा होता. भाताचा खण रिकामा, वरणाचा रिकामा, दुधीचाही रिकामा. मनोरमाने पोराला उचलून पाटाखाली पाहिलं, त्याच्या मुठी उघडून पाहिल्या, मांजर कुठे आहे ते पाहिलं. मांजर दुधी खात नाही हे तिच्या उशिरा लक्षात आलं. निहार या सगळ्या तपासाला कंटाळला. त्याने ताट उचललं, सगळ्यांना ओलांडून दत्तारामपुढे धरलं आणि सांगितलं, "अजून दुदी."

मनोरमाने खरकट्या हातानेच देवळाच्या दिशेला नमस्कार केला. दिव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्तारामने वाढलं, आणि एक फोड जास्तच वाढली. त्याला म्हावऱ्याचा आनंद झाला होता हे खरं, पण तो आनंद त्या क्षणी दुसऱ्या नंबरावर होता.

रविवारी देवीला नारळ वाढवला. निकेतने भाईंदरच्या बाजारातून सुरमई आणली. मनोरमाने हात राखला नाही. मसाला लावून तुकड्या मुरत ठेवल्या, रवा लावून तव्यावर सोडल्या, आणि त्या वासाने विठू शेजारून कुंपणापाशी येऊन, "आमच्या घरी दुधी हाय आज," असं खिन्नपणे सांगून गेला.

दत्ताराम पाटावर बसला. ताटात तीन तुकड्या होत्या, कालवण होतं, भात होता, आणि कोणी न सांगता त्याने दुधीही वाढून घेतला होता. पोराला दिसायला पाहिजे म्हणून, असं तो म्हणाला. खरं म्हणजे त्याला तो आवडायला लागला होता, पण हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

इतके दिवस या घासासाठी जीव टांगणीला लागलेला, पण तोंडाशी आल्यावर त्याला एकट्याने खाववेना. त्याने तुकडीचा मधला मऊ भाग काढला, बोटांनी चाचपून काटे बघितले, फुंकर मारली आणि पहिला घास निहारच्या ताटात ठेवला. "घे बाबा. तुझ्यामुलंच हाय."

निहारने सुरमईकडे पाहिलं. डावा हात उलटा केला. मागच्या बाजूने तो घास ताटाबाहेर ढकलला आणि खालचा ओठ बाहेर काढला.

"हूं," तो म्हणाला. "दुदी."

पेणकरपाड्याला आपण काय शिकवून आलो ते दत्तारामला आत्ता कळलं. भोईरांच्या घरात म्हावऱ्याला हूं म्हणणारा पहिला माणूस जन्माला आला होता. दिव्या पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात गेली. मनोरमाने एक मोठा उसासा सोडला, देवळाच्या दिशेला पाहिलं, आणि तिची नजर सावकाश फिरत फिरत दत्तारामच्या ताटावर येऊन थांबली.

"आता ह्याच्यासाठी काय बोलू गं आई," ती पुटपुटली.

दत्तारामने दोन्ही हातांनी ताट जवळ ओढलं. "देवीला तरास द्याचा नाय," तो म्हणाला. "ह्याला मी शिकवतंय."

त्याने निहारचा पाट आपल्यासमोर सरकवून घेतला. पोर त्याच्या तोंडाकडे बघू लागलं, तेव्हा त्याने पहिली तुकडी उचलली आणि अजिबात घाई न करता, काट्यापर्यंत नीट खाऊन दाखवली. निहारला काही पटलं नाही. मग त्याने दुसरी उचलली, आणि ती संपल्यावर मनोरमाला तवा परत ठेवायला सांगितला. निहार त्या दिवशी शिकला नाही. दत्तारामलाही काही घाई नव्हती.